पोलीस केस आहे, मग नोकरी शोधायची कशी

माझ्या धाकट्या भावावर २०१७ च्या विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीवरून गुन्हा दाखल झाला, आयपीसीची ३२४, ३२३, ५०४, ५०६, भांडणात तेव्हा लागायची तीच कलमं. केस चालू असताना त्याला एमआयडीसीत एका कंपनीत काम मिळालं, फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का" विचारलं होतं तिथे घाबरून त्याने "नाही" लिहिलं आणि तीन महिन्यांनी व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला तसा गेटपास काढून घेतला. काम चांगलं करत होता, सुपरवायझर खूश होता, पण लेखी खोटं दिलंय म्हटल्यावर त्याच्या बाजूने कोणाला बोलताच येईना. २०२१ ला कोर्टाने निर्दोष सोडलं. ज्यांच्या घरी असंच काही झालंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी आपल्यावर नक्की काय आहे ते कागदावर बघा. "केस आहे" असं आपण सरसकट म्हणतो पण एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) वेगळी, एफआयआर वेगळा, चार्जशीट गेलेली केस वेगळी आणि शिक्षा झालेली तर एकदमच वेगळी. नुसती एनसी असेल तर एफआयआर झालेलाच नसतो, तरी पोरं आयुष्यभर दडपणाखाली फिरतात. पोलिसांनी तपास करून "बी समरी" किंवा "सी समरी", म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवली असेल आणि कोर्टाने ती मंजूर केली असेल तर त्या ऑर्डरची कॉपी हवीच. ई-कोर्ट्सच्या साईटवर किंवा अ‍ॅपवर नाव टाकून केस शोधता येते, सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा १६ अक्षर-अंकांचा स्वतंत्र नंबर, मिळाला की सगळ्या तारखा दिसतात. व्हेरिफिकेशनवाले पण तिथेच बघतात, आणि आपल्याकडे एका नावाची दहा माणसं असतात त्यामुळे दुसऱ्याची केस आपल्या नावावर धरली जात नाही ना तेही तपासा.

निर्दोष सुटला असाल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, एक नाही, दोन-तीन काढा. त्यातली एक अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या, रेकॉर्डला नोंद घ्या असं लिहा आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. कारण चारित्र्य पडताळणीचा ऑनलाईन अर्ज केला की तो आपण राहतो त्या भागातल्या ठाण्यात येतो आणि तिथल्या रजिस्टरला निकालाची नोंद नसेल तर रिपोर्टमध्ये नुसता गुन्हा दिसतो, सुटलात हे दिसतच नाही. भावाचं हेच झालं होतं, ठाण्यातल्या गोपनीय शाखेच्या हवालदारांना नक्कल दाखवल्यावर मग नीट रिपोर्ट गेला.

आता फॉर्म. प्रश्न शब्द न् शब्द वाचा. "शिक्षा झाली आहे का" आणि "कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का" हे वेगवेगळे प्रश्न आहेत, जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. सरकारी नोकरीसाठी सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल लक्षात ठेवा. त्यात म्हटलंय की फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंय तेच सांगणं बंधनकारक, आणि लहान वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ केस लपवली गेली असेल तर नेमणूक देणाऱ्या अधिकाऱ्याला ती माफ करता येते. पण हेही म्हटलंय की खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असं नाही. हे कडू आहे पण माहीत असलेलं बरं.

शिक्षा झालेल्याला सिक्युरिटी गार्डची नोकरी नाही, २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यातच तसं आहे, त्यामुळे तिथे चकरा मारू नका. बँक, शाळा, टॅक्सीचा बॅज इथेही पडताळणी होतेच. माझं मत, पहिली दोन वर्षं जिथे मालक स्वतः समोर बसतो तिथे जा, फॅब्रिकेशन, गॅरेज, मार्केट यार्ड, हॉटेलचं किचन, प्रिंटिंग. ओळखीच्या माणसाला सोबत न्या. आणि पगार ठरायच्या आधी आपणच सांगा, दोन-तीन वाक्यांत, "साहेब, २०१७ ला मिरवणुकीत भांडण झालं होतं, केस झाली, कोर्टाने सोडलंय, ही नक्कल." रडगाणं नको, दुसऱ्यावर ढकलणं नको. भाऊ असे सहा ठिकाणी बोलला, पाच जणांनी नंतर कळवतो म्हणून कळवलं नाही, सहाव्याने नक्कल वाचली आणि सोमवारपासून ये म्हणाला. आज तो तिथे वेल्डर आहे.

अठरा पूर्ण व्हायच्या आधीची केस असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे अपात्र ठरवता येत नाही, फक्त सोळाच्या वरच्याला अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर ही सवलत नाही. कोर्टाने शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडलं असेल तर १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम १२ वकिलाला विचारा, तेही अपात्रतेबद्दलच आहे.

रेकॉर्ड साफ करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. गुन्हा रद्द करायचा तर रस्ता हायकोर्टातूनच आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००. जेलमधून सुटून आलेल्यांसाठी मुंबई-ठाण्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून काम करतोय, तिथे जा. आणि आत असताना सुतारकाम, बेकरी, शिवण जे काही शिकलात त्याचा कागद असेल तर तो निकालाच्या नकलेसोबत त्याच फाईलला लावून ठेवा.