सीएसके बिट घेताय? आधी अँगल बघा, साइज नंतर

एमएसच्या (माइल्ड स्टील, साध्या पोलादाच्या) पट्टीत सीएसके म्हणजे काउंटरसंक, शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू बसवायचाय, भोकाचं तोंड तसंच शंकूसारखं कापणारं सीएसके बिट हाताशी नाही, मग मोठं ड्रिल घ्यायचं आणि भोकावर टेकवायचं, हे नाशिकच्या सातपूर-अंबडच्या छोट्या शॉपमध्ये सर्रास चालतं. पण साध्या ड्रिलचं टोक ११८ डिग्रीचं असतं आणि स्क्रूचं डोकं ९० चं, म्हणजे डोकं फक्त खाली मानेपाशी टेकतं, वर कडेने गोल फट राहते. वरवर फ्लश (पृष्ठभागाशी सपाट) दिसेलही, पण बैठक नाही ना, व्हायब्रेशनला तो ढिला होणारच.

म्हणून दुकानात पहिले अँगल सांगा. एम५, एम६ वगैरे मिलिमीटरवाले स्क्रू ९० डिग्री, इंचवाले यूएनसी (अमेरिकन आट्यांचे) ८२, विमानाचे बरेच फ्लश रिवेट १००. ओझरकडचं (एचएएलच्या विमान कारखान्याचं) काम असेल तर ड्रॉइंगवर लिहिलंय तेच घ्यायचं, अंदाजपंचे नाही. शंका असेल तर स्क्रूच्या डोक्याला खालून मार्कर फासा, भोकात बसवून अर्धा फेरा फिरवा, शाई फक्त वरच्या कडेला घासली तर भोक अरुंद अँगलचं आहे, फक्त खाली घासली तर पसरट, सगळीकडे घासली की झालं.

मग फ्लूट, म्हणजे बिटावरच्या धारेच्या खाचा. एकच बिट घ्यायचं असेल तर माझं मत सरळ आहे, तीन फ्लूटवालं ९० डिग्री एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) घ्या, एमएसला आणि रोजच्या कामाला तेच पुरतं. आडवं भोक पाडलेलं बिनफ्लूटचं बिट मिळतं ते हँड ड्रिलवर आणि अॅल्युमिनियमला मस्त चालतं, बर (भोकाच्या कडेची धारदार कोर) काढायलाही भारी, फक्त धार गेली की परत लावायची म्हणजे डोक्याला ताप. पाच-सहा फ्लूटवालं पिलर ड्रिल (स्टँडवरचं ड्रिल मशीन) किंवा व्हीएमसीवरच (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच) वापरा, हँड ड्रिलला लावलं तर चॅटरिंग येऊन (बिट थरथरून) भोकाला फुलासारख्या पाकळ्या पडतात. एसएस (स्टेनलेस स्टील) असेल तर कोबाल्टवालं घ्या, पैसे जास्त जातात पण साधं बिट तिथे लवकर बोथट होतं.

साइज, म्हणजे बिटाचा व्यास, सोपी आहे, एलन सीएसकेला (षटकोनी चावीच्या स्क्रूला) एम५ साठी १०.४, एम६ साठी १२.४, एम८ साठी १६.५ मिमी. पण पत्र्याची जाडी बघा राव! एम६ च्या डोक्याची उंचीच ३.३ मिमी आहे, ३ मिमीच्या पत्र्यात ते बसवायला गेलात तर खालचं भोकच मोठं होतं आणि कडा ब्लेडसारखी पातळ राहते, तिथे एम५ किंवा एम४ वर या.

आणि स्पीड. भोक ज्या आरपीएमला पाडलं त्याला सीएसके करायचं नाही. १२.४ च्या बिटाला एमएसवर साधारण २५० आरपीएम, एसएसवर त्याच्याही निम्मं, कटिंग ऑइल टाकून. चॅटरिंग आलं की लोक दाब कमी करतात, उलट स्पीड कमी करा आणि दाब ठेवा, एसएसवर तर नुसतं घासत बसलात की जागा कडक होते आणि मग कुठलंच बिट घेत नाही. जॉब व्हाइसमध्ये घट्ट पकडा, पहिल्या भोकाला स्क्रू टाकून बघा, बरोबर बसला की डेप्थ स्टॉप लॉक करा आणि बाकीची भोकं त्यावरच मारा.