आयव्हरमेक्टिनच्या गोळीत औषध किती, एचपीएलसीवर कसं मोजायचं

आयव्हरमेक्टिन म्हणजे जंत-परजीवींवरचं औषध, आणि एचपीएलसी म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. आधी २० गोळ्या एकत्र वजन करा, सरासरी काढा, मग बारीक कुटा. एकच गोळी घेऊन आकडा काढू नका, ती नेमकी वेगळी निघाली तर सगळंच फसतं. पावडर वजन करून मेथॅनॉलमध्ये टाका आणि सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवून विरघळवा), पाण्यात नाही, कारण हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि तिथेच बरेच जण अडकतात, मग रिझल्ट कमी आला की मशीनला शिव्या. नंतर ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, पहिले दोनेक एमएल फेकून द्या.

कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) सी-१८ प्रकारचा, मोबाईल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) म्हणजे अॅसिटोनायट्राइल, मेथॅनॉल आणि थोडं पाणी, यूव्ही डिटेक्टर २४५ नॅनोमीटरच्या आसपास.

आता गंमत अशी की पीक, म्हणजे ग्राफवरचे उंचवटे, दोन येतात, आधी छोटा बी१बी, मग मोठा बी१ए, आणि दोन्ही आयव्हरमेक्टिनच आहेत, म्हणून छोट्याला अशुद्धी समजू नका, दोघांच्या एरियाची (पीकखालच्या क्षेत्रफळाची) बेरीज घ्या. स्टँडर्ड, म्हणजे तीव्रता माहीत असलेलं आयव्हरमेक्टिनचं द्रावण, आधी ५-६ वेळा इंजेक्ट करा, एरियाचा आरएसडी (आकड्यांमधला सापेक्ष फरक) २ टक्क्यांच्या वर असेल तर सॅम्पल लावूच नका. बाकी गणित सोपं: सॅम्पलचा एरिया भागिले स्टँडर्डचा, गुणिले स्टँडर्डची तीव्रता, गुणिले डायल्युशन, मग भागिले घेतलेल्या पावडरचं वजन आणि गुणिले गोळीचं सरासरी वजन.