चिरंजीवीचे सिनेमे कुठून बघायला घ्यावेत

नवे सिनेमे नंतर. आधी १९८३चा 'खैदी' लावा. आंध्रातल्या मोगलतुरूच्या कोणिदेल शिवशंकर वरप्रसादला, म्हणजेच तेलुगू नट चिरंजीवीला, खरा स्टार केला तो यानेच. मग निवांत वेळ काढून १९८७चा 'स्वयंकृषी'. दिग्दर्शक के. विश्वनाथांनी त्याला चपला शिवणारा सांबय्या केला आणि त्या कामाला आंध्र सरकारचा नंदी पुरस्कार मिळाला. संवाद कळले नाहीत तरी हात आणि मान बघत राहा. माझ्या मते त्याचं सर्वांत सुंदर काम हेच. आमच्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू घरं पुष्कळ, अडलं तर शेजारच्या अक्कांना विचारते. नाचासाठी १९९१चा 'गँग लीडर'. २००८मध्ये त्याने प्रजा राज्यम हा राजकीय पक्ष काढला आणि सिनेमा मागे पडला. नायक म्हणून परतला तो २०१७च्या 'खैदी नंबर १५०'मध्ये. तो शेवटी बघा.