आंब्याच्या सावलीतला पट्टा: लॉनचा नाद सोडा, हे लावा

घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधल्या पट्ट्यावर आंब्याची गच्च सावली असेल तर तिथे लॉन लावू नका. हरळीला दिवसाचे सहा तास तरी ऊन लागतं. नर्सरीत ‘शेड लॉन’ म्हणून रुंद पानाचं गवत मिळतं. ते पानांतून गळणाऱ्या उन्हात तग धरतं, पण दाट आंब्याखाली पावसाळाभर हिरवं दिसतं आणि दिवाळीनंतर विरळ होत जातं. जास्त पाणी द्या, युरिया टाका, दरवर्षी नवे तुकडे अंथरा, हे सल्ले म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी. पुण्याच्या आसपास असे बरेच पट्टे मी केले आहेत, त्यावरून सांगते.

ऊन बघा, पण दोन्ही ऋतूंतलं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात ऐन मे महिन्यात ऊन येतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारीही नऊएक फूट उत्तरेला पडते. थंडीत जागा बघून लावलेले नाजूक नेचे मे महिन्यात करपतात ते यामुळेच.

राडारोडा काढा, उतार द्या. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवा. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे माती ठेवू नका, खडीची पट्टी करा.

आता माती. मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या टप्प्याने, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. ‘ट्रकभर लाल माती टाका, विटांची कड बांधा आणि फूटभर उंच वाफा करा’ असं कोणीही सांगेल. ऐकू नका. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांच्यावर फूटभर माती चढवली की ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आधी शेंड्याकडच्या फांद्या वाळतात, मोहोर कमी होतो, आणि दोष कुठल्या तरी रोगावर ढकलला जातो. बुंध्याला टेकलेल्या ओल्या मातीने साल कुजते ते वेगळंच. जी मुळं जगतात ती नव्या भुसभुशीत मातीत वर चढतात आणि तुमच्या रोपांच्या तोंडचं खत-पाणी पळवतात. माती जोत्याच्या वर गेली तर घराच्या भिंतीला ओल धरते. एवढं सगळं आपणच पैसे मोजून ओढवून घ्यायचं!

दुसरा वाईट सल्ला म्हणजे टिकावाने मुळं तोडून जागा मोकळी करणं. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. ती तोडलेलं झाड वळवाच्या वाऱ्यात घरावर आलं तर काय कराल?

म्हणून वाफा करायचाच नाही, कप्पे करायचे. आदल्या दिवशी जागा भरपूर भिजवा, कारण तुडवलेला मुरूम कोरडा असताना खणला जात नाही. मग मुळांच्या मधली मोकळी जागा हाताने आणि खुरप्याने चाचपत शोधा. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं की थांबा आणि खड्डा वीतभर सरकवा. मूळ सरकत नाही, तुम्ही सरका. खड्डा घमेल्यापेक्षा मोठा नको. निघालेल्या मातीत तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून तीच परत भरा. रोपं लहान पिशवीतलीच घ्या. मोठ्या कुंडीतलं तयार झाड लावायचं म्हटलं की खड्डा मोठा होतो आणि मुळं तुटतात.

कप्प्यांच्या मधे दोन इंच पालापाचोळा पसरा आणि दरवर्षी भर घाला. आंब्याची पानं झाडून जाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ती तिथेच राहू द्या. फक्त बुंध्यापासून फूटभर आणि भिंतीपासून अर्धा फूट जागा मोकळी ठेवा. भिंतीला टेकलेला पाचोळा वाळवीला वाट करून देतो.

लावणी मृगाचा पाऊस नीट बसल्यावर. नळाजवळ किंवा ओलीत नेचे आणि अळू. पाणी बाहेर जातं तिथे थोडं ऊन असेल तर सोनटक्का. कडेने स्पायडर लिली किंवा मोंडो ग्रास, जमीन झाकायला सिंगोनियम. सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात स्नेक प्लांट. आपल्या जंगलातला पेव आणि रानहळद आवर्जून लावा, झाडांच्या सावलीतच वाढलेली आहेत ती. थंडीत ती जमिनीत गुडूप होतात. मेली समजून उपटू नका, जागेवर काठी रोवून ठेवा. क्रोटन नकोत, गच्च सावलीत त्यांचे रंग उतरतात. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर डिफेनबाकियाही नको, त्याच्या रसाने तोंडाची आग होते आणि सूज येते.

सावली आहे म्हणून पाणी कमी लागेल असं समजू नका. हलक्या सरी पानांवरच अडकतात, खालची ओल आंबा पितो. नोव्हेंबर ते मे, निदान पहिली दोन वर्षं, बोट मातीत खुपसून बघा आणि कोरडं लागलं की पाणी द्या.

पायवाट: शहाबादी फरशीचे तुकडे बारीक खडीवर सुटे ठेवा. सिमेंट नको. पांढरे गोटेही नकोत, पहिल्याच पावसात शेवाळाने हिरवे होतात.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतील आणि कोवळी पानं एका रात्रीत फस्त करतील. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून त्या वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मातीवर मीठ मात्र टाकू नका, त्याने रोपं जातात. ते बादलीतलं पाणीही बागेत ओतू नका.