धोरणाच्या मसुद्याआधी खाडीकाठची तयारी

राष्ट्रीय जैवविविधता धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा हाती मोजकेच दिवस असतात. ठाणे खाडीकाठच्या ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळच्या मंडळींनी आपली बाजू आत्ताच बांधायला घ्यावी.

आधी कागद. जैविक विविधता अधिनियम, 2002 आणि त्यातली 2023ची दुरुस्ती जवळ ठेवा. राष्ट्रीय आराखडे करण्याची जबाबदारी कलम 36ने केंद्रावर टाकली आहे. कलम 41नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. आपल्या महापालिकेच्या समितीकडून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या जिवांची आणि त्यांबद्दलच्या स्थानिक माहितीची नोंद, मागा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 2024च्या राष्ट्रीय जैवविविधता आराखड्यात 23 उद्दिष्टे आहेत, त्यातली पाणथळ, किनारा आणि शहरांबद्दलची तेवढी वेगळी काढा.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो नकाशाला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015मध्ये घोषित झाले, 2022मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला. पण रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, अख्खा दिवस अभयारण्यात जात नाही. ओहोटीला ते उघड्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला की त्यांना दुसरीकडे उथळ पाणी लागते, जसा नेरूळचा डीपीएस तलाव किंवा एनआरआय कॉम्प्लेक्समागची पाणथळ. अशा जागा बुजल्या किंवा तिथे खाडीचे पाणी शिरेनासे झाले, तर अभयारण्य शाबूत असूनही पक्ष्यांना भरतीत टेकायला जागा उरत नाही. म्हणून नकाशावर चरायच्या आणि भरतीत टेकायच्या अशा दोन्ही जागा दाखवा, आणि पाणी ज्या नाल्यांतून, मोऱ्यांतून आत-बाहेर होते तेही. नोव्हेंबर ते मे या काळात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला (मोठ्या भरतीला) एकदा आणि अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) एकदा, अशा दोन्ही वेळी जाऊन बघा. प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि भरतीची वेळ लिहा. जगातील 30 टक्के जमीन आणि समुद्र 2030पर्यंत संरक्षणाखाली आणायचे, असे जैवविविधतेच्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक करारात 2022मध्ये ठरले. ही टक्केवारी मोजताना आपल्याकडे अभयारण्याबाहेरच्या अशा जोडजागाही धराव्यात, ही मागणी खाडीकाठानेच लावून धरली पाहिजे. ती मला सर्वांत मोलाची वाटते.

विटावा, सारसोळे, दिवाळे इथल्या कोळी बांधवांकडे आणि मावश्यांकडे निवांत बसा, बाजाराची वेळ टाळून. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं कुठे मिळायची, कधीपासून कमी झाली, हे त्यांच्याच शब्दांत उतरवा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि होकार मिळाला तरच नाव घाला. हे ज्ञान त्यांचे आहे.

तिवरांची, चिपीची अशी कांदळवनातली (खाऱ्या चिखलात वाढणारी) झाडे ओळखणारा एखादा जाणकार सोबत असू द्या. सोनेरेशिया अल्बा म्हणजे पांढरी चिपी हा 2020पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे, हे टिपणात नक्की लिहा.

शेवटी सूचना मराठीत आणि इंग्रजीत, दोन पानांत: मसुद्यातला कोणता परिच्छेद, त्यात कोणता बदल, पुरावा काय, आणि अंमलबजावणी कोणत्या खात्याने कधीपर्यंत करायची. नकाशा जोडा, सह्या घ्या, पाठवल्याची पोच जपून ठेवा.