शाळेसाठी निधी मागताय? मग या चुका टाळा

ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या झेडपी शाळांचे अर्ज वाचले की सगळ्यात तेच, "आमचे गाव अत्यंत गरीब असून तरी मायबाप सरकारने सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती." अहो, सहानुभूतीला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी बजेटातलं खातं, नसतं, साहेब तरी पैसे कुठून टाकणार? गरिबी वाढलीय म्हणताय तर ती कागदावर दिसू द्या. मागच्या तीन वर्षांत किती घरं तोडीला गेली, रोजगार हमीला कामाची मागणी किती वाढली, दिवाळीनंतर कुठल्या वर्गाची हजेरी किती पडते, हे सगळं ग्रामपंचायतीत आणि हजेरीपटात असतंच, फक्त कोणी एका पानावर आणत नाही.

सगळ्यात महागात पडते ती यू-डायसची, म्हणजे शाळांची आणि पोरांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवरची चूक. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, आणि पट धरतात तो पोर्टलवरचा. आता होतं काय, घरची कमाई आटली की आईबाप पोराला इंग्लिश मीडियममधून काढून झेडपीत आणतात, पोरगं वर्गात बसायला लागतं, पण तिकडे फी थकलेली असते म्हणून ती शाळा दाखला देत नाही आणि पोर्टलवरून रिलीजही करत नाही, म्हणजे पोराचं नाव आपल्या शाळेतून सोडत नाही. म्हणजे वर्गात ३२ पोरं आणि कॉम्प्युटरवर २९, झाले १५ हजार कमी! गरिबीमुळे जी पोरं वाढली नेमकी तीच हिशोबात नाहीत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी शाळेत येणाऱ्या मुलाचा दाखला लगेच द्यावाच लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हेडमास्तरांनी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या एमआयएसवाल्यांना, म्हणजे पोर्टलची माहिती सांभाळणाऱ्यांना, अशा मुलांची यादी लेखी द्यायची, तीही वेळेत, कारण यू-डायसची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवशीचा पट धरतात ती, ३० सप्टेंबर असते.

मग दार चुकतं. एकच अर्ज आमदार, कलेक्टर, झेडपीचे सीईओ सगळ्यांना, आणि त्यात संडास, नवी खोली, पाण्याची टाकी, कंपाउंड सगळं एकत्र. असा अर्ज कोणाच्याच टेबलाचा नसतो. पाणी आणि संडास ग्रामपंचायतीकडे मागा, १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी-स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, तरी शाळेचा संडास गावच्या आराखड्यात नसायचा कारण ग्रामसभेत शाळेकडून कोणी उठून बोललंच नाही. खोली हवी तर बांधकामवाल्यांचं इस्टिमेट जोडा, आणि धोकादायक खोली पाडायची असेल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून काढायचा प्रस्ताव. आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहावीत म्हणून जे हंगामी वसतिगृह असतं, त्याचं तर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीच उरकायला हवं, पोरं आईबापाबरोबर फडावर गेल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग.

शाळा विकास आराखडा बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचाच, तारीख बदलून. आरटीईचं कलम २२ म्हणतं की सरकारी अनुदान याच आराखड्याच्या आधारावर द्यायचं, म्हणजे तुमचा सगळ्यात वजनदार कागद हाच, आणि तो आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार हवा. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये चहा-बिस्किटावर सह्या घेऊन मोकळं होऊ नका.

"शेजारच्या गावाला दिलं मग आम्हाला का नाही" हेही लिहू नका, अधिकारी चिडतो आणि शेजारचं गाव पण. त्यापेक्षा असं मांडा की तेवढ्याच पटाच्या बागायती गावात रंगकाम आणि टीव्ही लोकवर्गणीतून झाला, इथे पालक सहा महिने गावातच नसतात, वर्गणी कोण देणार, त्यामुळे अनुदान सारखं असूनही आमच्या शाळेत एवढे एवढे रुपये कमी पडतात. ही तूट रुपयात लिहा, नुसतं 'पुरेसा निधी' नको.

आणि हो, हेडमास्तर नोकरीतला माणूस, त्याला एकट्याला वरिष्ठांकडे भांडायला पाठवू नका. सही शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची, सोबत ठरावाची नक्कल. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, आवक नंबरासकट. महिना-दोन महिने हालचाल नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात त्या आवक नंबरावर काय कार्यवाही झाली ते विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.