‘माय वन फ्रेंड’, ‘ओन कार’ आणि ‘युअर’स फेथफुली’ : इंग्रजीत मालकी दाखवताना या चुका टाळा

मराठीत चा-ची-चे लावलं की काम भागतं. आईचा डबा, टेबलाचा पाय, दोन दिवसांची रजा, सोन्याची अंगठी, सगळीकडे एकच षष्ठी. इंग्रजीत या चौघांच्या वाटा वेगळ्या. डब्याला अपॉस्ट्रॉफी-एस लागतो, टेबलाच्या पायाला ‘ऑफ’ लावा किंवा सरळ ‘टेबल लेग’ म्हणा, आणि अंगठी नुसतीच ‘गोल्ड रिंग’. नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेले असतात. पण वाक्य डोक्यात मराठीत जुळतं आणि तसंच्या तसं बाहेर पडतं, तिथे घोळ होतो.

रजेचा अर्ज घ्या. एका पानात दोन चुका हमखास सापडतात. पहिली वरती, ‘टू डेज लीव्ह’मध्ये. रजा दोन दिवसांची आहे, म्हणून ‘डेज’च्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवा. एकाच दिवसाची असेल तर ‘वन डे’ज लीव्ह’, म्हणजे अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. हे लक्षात राहत नसेल तर ‘लीव्ह फॉर टू डेज’ लिहून मोकळे व्हा, तेही बिनचूक आहे.

दुसरी चूक अगदी तळाशी, सहीच्या डोक्यावर : ‘युअर’स फेथफुली’. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अर्जावरून उतरवत आलेला हा अपॉस्ट्रॉफी आहे. ‘युअर्स’ला तो लागत नाही. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ आणि मालकीचं ‘इट्स’ यांनाही नाही. ही सर्वनामं मुळातच मालकी दाखवतात, त्यांना वेगळं चिन्ह कशाला? शंका आली की ‘हिज’ आठवा. ‘हिज’मध्ये अपॉस्ट्रॉफी घालायचं कुणाच्या मनातही येत नाही.

‘इट्स’ आणि ‘इट’स’ मात्र भल्याभल्यांना चकवतात. उच्चार एकच, त्यामुळे बोलताना काही बिघडत नाही. ईमेलमध्ये उघडं पडतं. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. वाक्य चाललं तर अपॉस्ट्रॉफी ठेवा, अडखळलं तर काढा. ‘युअर’ आणि ‘यू आर’, ‘हूज’ आणि ‘हू इज’ या जोड्यांनाही हीच चाचणी लावा. फोनचा कीबोर्ड कधी कधी आपण बरोबर टाइप केलेल्या ‘इट्स’मध्ये परस्पर अपॉस्ट्रॉफी घुसवतो, तेव्हा पाठवण्याआधी एकदा नजर टाका. आणि चुकलंच तर फार ओशाळू नका : १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत मालकीच्या ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी आहे. त्या काळी तसं लिहायची पद्धत होती. आज ते चालत नाही, एवढंच.

आता खास आपल्याकडच्या चुका. ‘माझा एक मित्र नाशिकला असतो’ याचं ‘माय वन फ्रेंड लिव्ज इन नाशिक’ होतं. इंग्रजी कानाला हे चमत्कारिक वाटतं; जगात मला एकच मित्र आहे असा काहीसा सूर त्यातून निघतो. बरोबर म्हणजे ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘ऑफ मी’ नव्हे, ‘ऑफ माइन’. दुसरा पर्याय ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. इथे ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी आणि क्रियापद मात्र एकवचनी, कारण गोष्ट एकाचीच चालली आहे. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे तर इतक्या वेळा कानावर पडतं की बरोबर वाटायला लागलं आहे.

‘माझा हा फोन’चंही तसंच. ‘धिस माय फोन’ चालत नाही. इंग्रजी नामाच्या आधी एकच खुर्ची असते असं समजा. ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’, ‘रवी’ज’ यांच्यापैकी एकानेच तिच्यावर बसायचं. दुसऱ्याला मागे ‘ऑफ’कडे जावं लागतं : ‘धिस फोन ऑफ माइन’.

‘स्वतःचा’ हा शब्द आपल्याला आणखी गोत्यात आणतो. ‘मी स्वतःच्या गाडीने आलो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. म्हणून ‘आय केम इन ओन कार’. पण ‘ओन’ एकटा उभा राहत नाही. त्याच्या आधी ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ किंवा कुणाचं तरी नाव लागतंच : ‘इन माय ओन कार’. सहलीच्या सूचनेतलं ‘प्रत्येकाने आपापला डबा आणावा’ हे ‘एव्हरीवन शुड ब्रिंग ओन टिफिन’ होऊन जातं. तिथे ‘देअर ओन’ लिहा. ‘एव्हरीवन’ एकवचनी असून ‘देअर’ कसं, असा प्रश्न काटेकोर लोक विचारतात; पण इंग्रजीत ही रीत शेकडो वर्षं रुळलेली आहे आणि ‘हिज ऑर हर’च्या लांबणीपेक्षा बरी दिसते.

‘आपला’ आणि ‘त्याचा’ यातला भेद तर इंग्रजीला जमतच नाही, आणि इथे मराठी तिच्या पुढे आहे असं माझं मत. ‘रमेशने महेशला आपल्या घरी सोडलं’ म्हटलं की घर रमेशचं. ‘त्याच्या घरी सोडलं’ म्हटलं की महेशचं, किंवा फार तर तिसऱ्याच कुणाचं. इंग्रजीत दोन्हींना ‘अॅट हिज हाउस’. घर कोणाचं? वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशा वेळी नाव पुन्हा घ्यायला लाजू नका, ‘अॅट महेश’स हाउस’ लिहा. सोसायटीच्या तक्रारीत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये एवढ्यावरून गैरसमज होतात.

उलट बाजूची चूक म्हणजे मालकी गाळणं. ‘हात धुऊन ये’, ‘डोळे मीट’, ‘आई गावाला गेली’. कोणाचे हात, कोणाची आई, हे आपण सांगत बसत नाही. इंग्रजी सांगते : ‘वॉश युअर हँड्स’, ‘क्लोज युअर आइज’, ‘माय मदर’. पण ज्याचा अवयव त्याचा उल्लेख कर्म म्हणून आधीच झाला असेल, तर बहुतेक वेळा ‘द’ येतो. ‘तिने मला कानाला धरून ओढलं’ म्हणजे ‘शी पुल्ड मी बाय द इअर’.

अपॉस्ट्रॉफी नको तिथे घालण्याचा शौक पाट्यांवर दिसतो. ‘मोमो’ज’, ‘सँडविच’स’, ‘पिझ्झा’ज’. ही साधी अनेकवचनं आहेत, मालकीचा काही संबंध नाही. इंग्लंडातही हा रोग जुना आहे. तिथे त्याला चक्क ‘ग्रीनग्रोसर’स अपॉस्ट्रॉफी’ म्हणजे भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी म्हणतात. दारावर ‘जोशी’ज’ लिहिलं तर एका जोशींचं काहीतरी, असा अर्थ होतो. कुटुंब म्हणायचं असेल तर ‘द जोशीज’, अपॉस्ट्रॉफीशिवाय.

अनेकवचनाच्या शेवटी एस असेल तर अपॉस्ट्रॉफी त्याच्या मागे, जसं ‘टीचर्स’ डे’. ‘चिल्ड्रन’, ‘विमेन’, ‘मेन’ यांना एस नसतोच, म्हणून ‘चिल्ड्रन’स डे’. ‘विकास’, ‘सुहास’ अशा एसने संपणाऱ्या नावांना अपॉस्ट्रॉफी-एस लावणं अधिक रूढ आहे, आणि उच्चार साधारण ‘विकासिझ’ असा. नुसता अपॉस्ट्रॉफी लावणारेही आहेत, त्यांना चूक म्हणता येत नाही. फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

दुकानं, संस्था आणि ठिकाणांच्या नावांवर मात्र यातला कुठलाच नियम लावू नका. ‘मॅकडोनाल्ड’स’ला अपॉस्ट्रॉफी आहे, ‘हॅरड्स’ला नाही. लंडनच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशनं आहेत, पहिल्याला अपॉस्ट्रॉफी आहे आणि दुसऱ्याला नाही. पाटीवर जसं आहे तसं उतरवायचं.